पाठवणीचा मुका तुकडा

अण्णा, ताईच्या लग्नाची कॅसेट अजून शाबूत आहे. बुरशी चढली होती, पण चिंचवडला एकजण अशा जुन्या कॅसेटी साफ करून पेनड्राइव्हवर उतरवून देतो, त्याच्याकडून करून आणली. ताईच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, ताईच्या लग्नानंतर वर्षभरातच तुम्ही गेलात. हळदीच्या संध्याकाळी रावेतच्या कार्यालयात मोठ्या पडद्यावर आईबापाच्या लग्नाचे तुकडे दाखवायचे, ही नवरीचीच हौस. काम माझ्यावर आलं, कारण घरात मशिनचं काही असलं की ते माझ्याकडेच येतं. मी चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात आहे, गाड्यांचे सुटे भाग तपासतो. व्हिडिओ कापण्या-जोडण्याचा मला गंधही नव्हता. फुकटातलं एक सॉफ्टवेअर लॅपटॉपवर उतरवून घेतलं आणि गुरुवारच्या सुट्टीला दुपारी जेवणाच्या टेबलावर बसलो. ताईनं फोनवर एकच अट घातली होती. "सगळं घाल, फक्त पाठवणी नको. अण्णा तिथे नुसते उभे आहेत. जाताना माझ्याशी एक शब्दसुद्धा बोलले नाहीत. मला ते परत बघायचं नाही." इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली. मी बरं म्हणालो.

पहिल्याच दिवशी तुम्ही पडद्यावर आलात ते चांगले आडवे पसरलेले. फेट्याची टोपली झालेली, गाल फुगलेले. आई शेजारी बसून शेंगा सोलत होती. तिनं चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाली, "हे एवढे जाड कधी होते?" मी तिला सांगितलं की आताचा पडदा रुंद असतो, जुनं चित्र जवळजवळ चौकोनी, म्हणून यानं ते दोन्हीकडून ओढून बसवलंय. "मग नको ना ओढू त्यांना," ती म्हणाली. ओढणं थांबवायची खूण सापडायला मला बराच वेळ लागला. सापडली तेव्हा दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले आणि मधे तुम्ही पूर्वीसारखे, काटक. आईचं समाधान झालं. पट्टे तिला चालले.

पुढच्या गुरुवारी लॅपटॉप उघडला तर सगळा पडदा लाल. फाइल सापडत नाही, एवढंच लिहिलेलं. मी भराभर काहीही दाबत सुटलो, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायच्या बेतात होतो, आणि मला तो टेपरेकॉर्डर आठवला. दहावीचा निकाल लागल्यावर तुम्ही जुन्या बाजारातून माझ्यासाठी आणलेला. महिनाभरात तो टेप खायला लागला. तुम्ही ड्यूटीवर असताना मी तो पूर्ण उघडला, पट्टा बदलला, हेड पुसलं, मोटरला तेल सोडलं, आणि तो चालू झाला. संध्याकाळी मोठ्या ऐटीत तुम्हाला दाखवला. तुम्ही विचारलंत, "कशानं चालू झाला?" मला सांगता आलं नाही. "म्हणजे उद्या बंद पडला की पुन्हा सगळं उघडणार," तुम्ही म्हणालात. "एका वेळी एकच गोष्ट बदलत जा. नाहीतर वस्तू सुधारते, माणूस आहे तिथंच राहतो." तेव्हा मला राग आला होता. एवढी कौतुकाची गोष्ट, आणि तुम्हाला प्रश्न सुचतात. पण त्या दुपारी मी हात मांडीवर घेतले आणि विचार केला, मागच्या वेळी होतं आणि आज नाही असं काय आहे? पेनड्राइव्ह. तो जपून ठेवावा म्हणून मीच काढून कपाटात ठेवला होता. हे सॉफ्टवेअर चित्र आपल्या पोटात घेत नाही, ते कुठं ठेवलंय तेवढंच लक्षात ठेवतं. पेनड्राइव्ह लावला आणि मांडव पुन्हा उभा राहिला. मग सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं आणि त्याला नवा पत्ता दाखवला.

असं करत करत पाठवणीशी आलो. तुम्हाला आठवत असेल, व्हिडिओवाल्यानं कॅसेटवरचा मूळ आवाज पुसून सगळीकडे सनई आणि गाणी चढवली होती. काळेवाडीच्या मैदानाच्या कडेला जीप उभी आहे, ताई आत मधल्या जागेवर बसलेली, मान खाली, तिची पाठ तुमच्याकडे. तुम्ही जीपपासून जरा लांब, हात मागे बांधून. ताई म्हणाली ते खरंच होतं, नुसते उभे. मी कापायची कात्री त्या जागी आणून ठेवली. तेवढ्यात आई म्हणाली, "थांब. मागं घे." मी मागं घेतलं. "अजून जरा. हां. बघ, बोलतायत." मला काही दिसेना. तुमची मिशी हलल्यासारखी वाटली, एवढंच. आईनं मात्र तुमच्याबरोबर ओठ हलवले, बिनआवाजी, आणि मग मला आवाजात सांगितलं, "पोरीला खिडकीशी बसवा. तिला गाडी लागते."

मला एकदम तुमच्या कंपनीतलं प्रेसशॉप आठवलं, पत्रे ठोकून भाग काढायचा तो विभाग. वर्षातून एक दिवस कंपनीत घरच्यांना आत सोडायचे, त्या दिवशी मी आलो होतो. प्रेसचे ठोके जमिनीतून पायात चढतात, छातीत बसतात. तुम्ही मला काहीतरी सांगताय, तोंड हलतंय आणि आवाज नाही. मी जिवाच्या आकांतानं ओरडतो, "काय?" तुम्ही माझी हनुवटी धरता, चेहरा स्वतःकडे वळवता आणि रागावून, तसंच बिनआवाजी काहीतरी म्हणता. बाहेर आल्यावर सांगितलंत, "आत ओरडून काही होत नाही. ओठ नीट हलवायचे, समोरच्याचे नीट बघायचे." तिथं सगळे तसेच बोलायचे. त्या ठोक्यांनी तुमचे कान गेले आणि ती बोली तुम्ही घरी आणलीत. पहिल्या शिफ्टला जाताना आई स्टोव्हपाशी भाकरी थापायची, तुम्ही दारात बूट घालायचे. आम्ही जागे असूनही पडून राहायचो. एक शब्द ऐकू यायचा नाही. ताईला आणि मला वाटायचं, हे दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत. आता कळतंय, तुम्ही भरपूर बोलत होतात, आमची झोप मोडू नये अशा बेतानं.

मी आईला विचारलं, "तू हे ताईला कधी सांगितलं नाहीस?" ती म्हणाली, "त्यात काय सांगायचं? बँड वाजत होता, त्यांनी कंपनीतल्यासारखं सांगितलं. ड्रायव्हरला कुठलं कळतंय. मीच जाऊन जावयांच्या कानात बोलले. त्यांनी तिला खिडकीशी घेतलं." मग तिनं मला सगळी कॅसेट पुन्हा सुरुवातीपासून लावायला लावली. पंगतीच्या वेळी तुम्ही मांडवाच्या त्या टोकाहून विचारताय, "जेवलीस का?" ती या टोकाहून म्हणतेय, "तुमचं होऊ दे." पुढं तुम्ही म्हणताय, "वरणात मीठ कमी आहे. आचाऱ्याला बोलू नको, बिचारा पहाटेपासून उभा आहे." आई हसत होती. इतकी हसली की शेंगांचं सूप कलंडलं.

मी ठरवलं, आई हे सांगत असताना तिला मोबाइलवर चित्रित करायचं आणि मधे मधे जोडायचं. चित्रित झालं छान. सॉफ्टवेअरमध्ये घेतलं तर सुरुवातीला आवाज बरोबर, आणि पुढं जावं तसे ओठ आणि आवाज लांब लांब होत गेले. दुसऱ्या कुणाला ते लवकर कळलं नसतं, आईला लगेच कळलं. "माझं तोंड मिटल्यावर मी बोलते," म्हणाली. मी आवाज ओढून जुळवला, शेवट जुळला की मधलं बिघडायचं. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी चाकणजवळच्या एका गावचे एक जण बसतात, बैलगाडा शर्यतींचे व्हिडिओ करून टाकायचा त्यांना नाद आहे. त्यांना विचारलं. "व्हय राव, मलाबी लई छळलंय त्यानं," ते म्हणाले. "मोबाइल सारख्या वेगानं चित्र घेत न्हाई. उजेड कमी झाला की सावकाश घेतो. तुमी आधी ती फाइल एकसारख्या वेगाची करून घ्या, मंग आत टाका. न्हाईतर आमचे बैल पुढं आन् हाळी मागं." तसं केलं. एकदाच केलं, दुसरं काही न बदलता, आणि आईचे शब्द तिच्या ओठांवर परत येऊन बसले.

तुमच्या वाक्यांना मात्र आवाज नव्हता. ती मी खाली अक्षरांत लिहायची ठरवली. 'खिडकीशी' लिहिलं आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसली, 'ड'च्या डोक्यावर. जोडाक्षरांचे तर हातपायच सुटले. अक्षराचा साचा बदलला, तेच. आकार बदलला, तेच. शेवटी सेटिंगच्या तळाशी आपल्याकडच्या लिप्यांसाठी एक वेगळी खूण सापडली. ती दाबली आणि सगळं वाक्य एकदम सरळ होऊन उभं राहिलं. पोरीला खिडकीशी बसवा. तिला गाडी लागते. मी ते वाचलं आणि उठून पाणी पिऊन आलो.

ताईला आधी काही सांगितलं नाही. पाठवणी नको म्हणाली असताना ती घातली, म्हणून धाकधूक होती. कार्यालयात दिवे घालवले. मिठाच्या वाक्याला सगळे हसले, बाया तर दोनदा हसल्या. मग जीप आली. ताईनं माझ्याकडे रागानं वळून पाहिलं, आणि तेवढ्यात खाली अक्षरं उमटली. ती पडद्याकडे बघतच राहिली. तिच्या हाताला हळद होती, तो तिनं तसाच गालाला लावला. दिवे लागल्यावर दाजींना म्हणाली, "सासरी, पार सोलापूरपर्यंत मी खिडकीशी बसले होते. म्हणजे ते तुम्हाला सुचलं नव्हतं." दाजी म्हणाले, "मला सुचलं असं मी कधी म्हणालो? तूच सगळ्यांना सांगत आलीस, मी गप्प बसलो." सगळे हसले, ताईसुद्धा. नंतर ती आईच्या खुर्चीशी जाऊन खाली बसली. दोघी काहीतरी बोलत होत्या. गोंगाटात मला ऐकू आलं नाही, आणि ओठांवरचं वाचायची सवय मला कधी लागली नाही.

लग्न होऊन आता बरेच दिवस झाले. भाचीला तिची प्रत दिली, ताईलाही दिली. बायको विचारते, अजून काय उघडून बसता त्यात? मी सांगतो, रंग जरा पिवळट आलेत, ते दुरुस्त करतोय. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगतो. रंग ठीक आहेत. मी एकही बटण दाबत नाही, नुसता तुमच्या समोर बसतो.