काकांच्या फ्रिगेटचा दोरा

शनिवार संध्याकाळ, मॉरिसव्हिल

मी शेजारच्या वझे काकांच्या जहाजाचा दोरा कापला. अडीचशे वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश फ्रिगेटचं लाकडी मॉडेल. तोफांचा एकच मजला, म्हणून पळायला फास्ट, असं काका सांगतात. रिटायर झाल्यापासून गराजमध्ये तेच बनवतायत.

मला फक्त डोलकाठीवर टिश्यूची चड्डी फडकवायची होती. बांधायला काही नव्हतं, म्हणून जहाजाचाच दोरा कापला. एवढ्या दोऱ्यांत एक गेला तर काय?

डोलकाठी हळूच मागे झुकली. चड्डी आणि दोरा खिशात कोंबला, तेवढ्यात काका आले.

"अरे, पुढचा दोरा गेला की. याच्याच ताणावर काठी उभी असते रे. तुकडा शोध बघू."

काका टॉर्च घेऊन खाली वाकले. मीपण वाकलो, एक हात खिशात, दोऱ्यावर.

"राहू दे. उद्या भिंगातून उरलेलं टोक बघतो. तुटलाय की कापलाय, लगेच कळतं."

मी कात्रीने कापलाय यार. आणि गराजचं दार उघडायचा कोड त्यांनी फक्त मला दिलाय.

दोरा अजून खिशातच आहे. फेकायचीपण भीती वाटते.

हे कोणी वाचत असेल तर पाया पडतो, कोणाला सांगू नका. काकांना तर नकोच.