हौदाची लाल रेघ

रविवार, ११ एप्रिल २००४. नाशिक.

केस अजून ओले आहेत, वहीवर थेंब पडताहेत. पडू देत.

सकाळी परसातल्या नव्या पोहण्याच्या हौदाशी गेले. चार दिवसांपूर्वी हौद भरला, तेव्हा पाण्याच्या पातळीला मी लाल रंगाची रेघ मारली होती. पाणी त्या रेघेखाली चांगलं दोन बोटं उतरलेलं! त्यात दादा चांदवडहून मुद्दाम बघायला आलेला. लगेच म्हणाला, "सांगितलं होतं ना, काळ्या मातीत हौद तडकतो. आता यात कोथिंबीर लाव." खरंच तडकला असेल? हट्ट तर माझाच होता.

तेवढ्यात हौद बांधणारे किसन गवंडी आले. हौद भरला त्याच दिवशी त्यांनी हौदाच्या पायरीवर भरलेली बादली ठेवून तिच्या आतही तशीच रेघ मारायला लावली होती. तेव्हा मला हसू आलं होतं. आज त्यांनी सरळ बादलीत बोटं घातली. तिथेही पाणी रेघेखाली दोन बोटंच!

"ताई, बादली कुठं तडकलीय? दोन्हीकडचं पानी उन्हानं पिलं. हौद लय पक्का हाय."

लहानपणी दादा विहिरीत उड्या मारायचा आणि मी काठावर त्याचे कपडे धरून उभी. मुलींनी उतरायचं नाही म्हणे.

पोहता येत नाही मला, पण हौद छातीएवढाच आहे. लाल रेघेपाशी पायरीवर उभी राहिले आणि टॉवेल दादाच्या हातात दिला. "धर जरा," म्हटलं आणि पाण्यात उतरले.

तासभर उभा होता.