दुहेरी अस्तर

प्रिय चिमणे,

कालपासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागद मध्येच ठेवून देता येत नाही असं नाही, पण तो पुन्हा उचलता येतो.

तुझी आई म्हणते, तपासणीचं नाव काढलं की तू दार लावून घेतेस. घरात सगळ्यांना वाटतं, पोर सुईला घाबरली. माझ्या मशीनवर बसून तुटलेली सुई बदलणारी तू, सुईला घाबरशील होय? तुला कशाची धास्ती आहे ते मला ठाऊक आहे. ती मीच शिवून दिली.

दीड वर्षापूर्वी माझ्याकडे शाळेचे शर्ट शिवून घ्यायला आली होतीस. चौदा पूर्ण झालेली, बाकीच्या मुली कधीच पुढे निघून गेलेल्या, आणि कपडे बदलायच्या खोलीत कुणीतरी तुला ‘फळी’ म्हटलेलं. तू रडली नाहीस. नुसतं म्हणालीस, आतून दुहेरी अस्तर लाव, थोडा स्पंज घाल, आणि आईला सांगू नकोस. माझी मापांची वही सांगत होती की तीन वर्षांत छातीचं माप बोटभरही हललं नाही, उंचीही रेंगाळलीय. तरी मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढे पाळी नाही म्हणून आई काळजीत पडली, तेव्हा मीच तिला म्हटलं, अगं, अंगाने भरलीय, येईल. माझ्या शब्दावर ती वर्षभर थांबली. शहाणपणाची मी अशी पोतडी.

परवा दवाखान्यातली नर्स गणवेश घट्ट करायला आली, तिला बसवून सगळं विचारून घेतलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. इंजेक्शन देऊन तिला हाक मारायची आणि ती किती हार्मोन सोडते ते रक्तात मोजायचं. हाताला एकच नळी लावतात, थोड्या थोड्या वेळाने तिच्यातूनच रक्त घेतात. दोनेक तास बसायचं, पुस्तक ने. ग्रंथीने ओ दिली तर कदाचित नुसता उशीर असेल, नाही दिली तर त्यावर औषधं आहेत. एका तपासणीत सगळं उलगडेलच असं नाही, पण घोडं कुठे पेंड खातंय याचा माग तरी लागेल. आणि नर्स म्हणाली, अशा मुली-मुलं त्यांच्याकडे नेहमी येतात. तू काही जगावेगळी नाहीस.

आता मुख्य. आज सकाळी तू शाळेत गेल्यावर मी वही घेऊन तुझ्या आईकडे गेले आणि स्पंजासकट सगळं सांगितलं. तुला दिलेला शब्द मोडला. ती रागावली नाही. वहीची पानं उलटता उलटता म्हणाली, “माझ्यापेक्षा तू जवळची वाटलीस का गं तिला?” डॉक्टरांना दाखवायला तिने वही ठेवून घेतलीय. तेव्हा तपासायच्या खोलीत तुला आता आईपासून काही लपवायचं उरलेलं नाही. सोबत एक शर्ट पाठवतेय, बाही कोपराच्या वर सहज दुमडते, आणि आत एकच कापड आहे. गुरुवारी सकाळी आठला आई जिन्याखाली थांबेल. रागवायचंच तर माझ्यावर रागव, वर्षभर रागव, पण खाली उतर.

तुझीच,
शब्द मोडलेली मावशी