पोळी सावकाश न्यायची

३ नोव्हेंबर, सोमवार
मला पोळी दिली! म्हणजे वाढायला. पहिल्याच दिवशी! ताक नाही, कोशिंबीर नाही, थेट पोळी. शनिवार पेठेतली थाळीची खाणावळ, अकरापासून नुसती रीघ. लोणीहून दोन बस बदलून आले तरी साडेदहाला हजर होते.

दिग्विजयदादा सगळ्यांत जुना वाढपी. म्हणाला, "ऋतुजा, पोळी सावकाश न्यायची. पळायचं नाही." का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मनात म्हटलं, सरकारी ऑफिस आहे काय हे!

५ नोव्हेंबर, बुधवार
आज दाखवून दिलं. आत तव्यापाशी मैनामावशी एकट्याच लाटतात, भाजतात. पोळी उतरली की उचलायची आणि सुटायचं. "मावशी, पोळी! अजून पोळी! चला, चला!" — दिवसभर हेच. खिडकीशी बसणारे एक आजोबा म्हणाले, "वा, आज पोळी आमच्या हयातीत आली!" गल्ल्यावरच्या मालकांनी ऐकलं आणि चक्क हसले.

भात वाढणारा संतोष मात्र माझ्याकडे बघतच राहिला. जळतोय, दुसरं काय.

६ नोव्हेंबर, गुरुवार
मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हिला जमतं ते तुम्हाला का जमत नाही?" मीच तोंड उघडलं. म्हटलं, साहेब, हे मुद्दाम रेंगाळतात. दुसरी पोळी संपायच्या आत संतोष भात घेऊन पुढ्यात उभा. गिऱ्हाईक म्हणतं, वाढा. तिसरी पोळी वाढायची वाचते. मी डोळ्यांनी बघितलंय.

खोटं काहीच बोलले नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
एक शब्द नाही! दिवसभर माझ्याशी कोणी एक शब्द बोललं नाही! साडेतीनला सगळे जेवायला बसले. मी बसले तर संतोष ताट उचलून पलीकडे गेला. भांडी घासणारी शकू तरी बोलेल असं वाटलं — तिनं नळ मोठा सोडला. मी काय यांचं घोडं मारलंय??

घरी आईला सांगितलं. म्हणाली, "तूच काहीतरी केलं असशील." आईसुद्धा!

१० नोव्हेंबर, सोमवार


दिग्विजयदादाला मागच्या दारात गाठलंच. तो म्हणाला, "मावशींचा हात बघितलास कधी?" गेल्या वर्षी दिवाळीत मोरीत पडल्या. मनगटात रॉड घातलाय. भरभर लाटवत नाही. घरात कमावणाऱ्या त्या एकट्या. मालकांना कळलं तर दुसरी बाई आणतील — म्हणून वर्षभर ही सगळी माणसं मावशींच्या हाताच्या बेतानं पाय उचलतात. रेंगाळत नव्हती. मावशींना सांभाळत होती!

"मग मला सांगितलं का नाही?" मी ओरडलेच.

"तीन दिवसांच्या मुलीला? सांगितलं असतं हळूहळू. तू थांबलीस कुठे?"

आठवडाभर त्यांच्याकडून पोळ्या घेतल्या. त्या डाव्या हातानं द्यायच्या. मी एकदाही वर बघितलं नाही. बाई गं, काय करून बसले मी!

११ नोव्हेंबर, मंगळवार
मालकांना म्हटलं, माझं चुकलं, उगाच बोलले, सगळं नीट चाललंय. ते म्हणाले, "चुकलं कसलं? तूच तर माझे डोळे उघडलेस." आणि गल्ला सोडून, तव्यासमोर खुर्ची टाकून बसले. मावशी लाटतायत, हे घड्याळ बघतायत. भर गर्दीत तासभर! मावशींच्या कपाळावरून घाम निथळत होता. आज मी मुद्दाम पाय ओढत होते, पण आता त्याचा काय उपयोग?

१२ नोव्हेंबर, बुधवार
मावशींना काढलं. सोळा वर्षं! "उद्यापासून आराम करा." एवढंच. मला खरंच वाटेना.

पाया पडायला वाकले तर त्या मागे सरकल्या. "मुद्दाम न्हाय केलंस, ठावं हाय मला. पर एकदा इचारायचं तरी, पोरी." ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत. पिशवी उचलली आणि गेल्या.

उद्या जाऊच नये असं वाटतंय. आई म्हणते, तोंड लपवून काय होणार, जा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
मावशींच्या जागी मालकांनी मला बसवलं. "तुझा हात चपळ आहे." एक वाजता बोटं भाजलेली, पोळ्या पुरेनात, बाहेरून आरडाओरडा. संतोष आत आला. मला वाटलं, आता हा सोडत नाही. तर म्हणाला, "सावकाश लाट. मी भात लवकर फिरवतो."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.