उखाची वाकडी कैची

सोमवार, ६ जानेवारी

मॅनेजर म्हणाला, "पंडितभाई, आ शर्ट नहीं चाले. फिटिंगवाळो पहेरो." तेही चहा पिता पिता, सगळ्यांसमोर! कापड मार्केटच्या या ऑफिसात येऊन मला पाच दिवस झाले. बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना कापड दाखवायचं काम. महिनाभर बघणार, मग पक्कं करणार. सव्वीस वर्षं लूमवर कापड विणलं. कापडाची परीक्षा घेतली असती तर पहिला आलो असतो. घेतायत शर्टाची!

पण ही नोकरी टिकलीच पाहिजे. टिकली तर जूनमध्ये माझा चेतन लूमचं खातं, म्हणजे कारखाना, सोडून पुन्हा डिप्लोमाला जाणार, असं ठरलंय. माझी पाठ गेली, लूम सुटली, तेव्हा पोराने कॉलेज सोडून माझी जागा धरली. त्याला दोन वर्षं झाली. त्याने एकदाही बोलून दाखवलं नाही. मला मात्र रोज लागतं.

मंगळवार, ७ जानेवारी

गंमत म्हणजे आजवर मी एकही शर्ट स्वतः निवडलेला नाही! लग्नांच्या आहेरात शर्टपीस येत गेले आणि गल्लीतला उखा शिंपी ते शिवत गेला. चार वर्षांपूर्वी त्याच्याकडे जाणं बंद केलं. त्याचा शर्ट पलंगावर पसरला की एक खांदा वर, एक खाली! मी तोंडावरच म्हटलं होतं, "उखाभाऊ, तुनी कैची वाकडी चालस!" तो नुसता हसला होता.

तेव्हापासून मंगला बाजारातून तयार शर्ट आणते. कायम एक नंबर मोठा — धुतल्यावर आटतो म्हणे. पॉलिस्टर आटत नाही हे सांगून सांगून थकलो. नवऱ्याने जन्मभर कापड विणलं, पण ऐकेल तर शपथ!

गुरुवार, ९ जानेवारी

ऑफिस सुटल्यावर पर्वत पाटिया भागातल्या एका कपड्यांच्या दुकानात गेलो. सवयीने शर्ट उजेडात धरून धागे बघत बसलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकल, पहन के देखिए ना!"

खरंच की. शर्ट घालून बघायचा असतो! पन्नाशीला कळतंय.

मुलगी मोठी हुशार. तिने शिकवलं — कॉलरचं बटण लावून आत दोन बोटं गेली पाहिजेत. खांद्याची शिवण बरोब्बर हाडाच्या टोकावर. हात वर केला तर शर्ट पँटमधून सुटता कामा नये. मी ट्रायल रूममध्ये इतक्यांदा हात वर केले की तिने बाहेरून विचारलं, सब ठीक है ना?

ठीक नव्हतं. चाळीस, बेचाळीस, स्लिम, रेग्युलर — सहा शर्ट घातले. मागच्या आरशात बघितलं तर प्रत्येकात मानेमागे, उजवीकडे, एक तिरकी सुरकुती. हाताने सरळ केली तरी परत येते! सहाच्या सहा शर्ट चुकीचे कसे असतील? न घेताच घरी आलो.

शुक्रवार, १० जानेवारी

सुरकुती काही डोक्यातून जाईना. आज व्यापाऱ्याला साड्या दाखवताना त्याच्याच मानेमागे बघत होतो.

रविवार, १२ जानेवारी

सापडलं! मंगलाने ट्रंकेतून उखाने शिवलेला जुना तपकिरी शर्ट काढला. विटलेला, कॉलर गेलेली. सहज अंगात घातला — सुरकुती नाही! काढून पलंगावर पसरला, तर होता तस्सा वाकडा. टेप लावली. उजवी बाजू डावीपेक्षा पाऊण इंच जास्त उतरती कापलेली. आणि शिवण इतकी नेटकी की चूक म्हणता येईना.

मंगलाला म्हटलं, जरा माझी पाठ बघ. तिने दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, उचलून पुन्हा ठेवले. मग म्हणाली, "आवो, तुमना उजवा खांदा खाले शे!"

चोवीस वर्षांच्या संसारात दोघांनाही पत्ता नाही. कैची सरळच होती. वाकडा मी होतो आणि शिव्या उखाला.

सोमवार, १३ जानेवारी

उखाच्या ओट्यावर गेलो. आहेरातला एक पांढरा शर्टपीस समोर ठेवला. लाज वाटत होती. त्याने टेप हातातही घेतली नाही.

"तुले माहीत व्हतं?"

"व्हतं ना."

"मंग सांगं का नही?"

"अंगवर तं सरळ बसे ना? मंग कसाले सांगू?" मग दाताने दोरा तोडत म्हणाला, "खातावाला सगळास्ना खांदा असाच शे."

कापडाचे ताके उजव्या खांद्यावर वाहून, लूमवर धाग्याची तुटलेली तार सांधायला उजवीकडे वाकून वाकून. आणि हा माणूस इतकी वर्षं गुपचूप प्रत्येकाचा खांदा झाकत आला! मी माफी मागितली तर म्हणाला, चहा सांग.

निघताना सहज विचारलं, असा खांदा उतरायला किती वर्षं लागत असतील? उखा कापडावर खडूने रेघा मारत राहिला.

मंगळवार, १४ जानेवारी, उत्तरायण

सगळी सोसायटी गच्चीवर. चेतन माझ्याकडे पाठ करून फिरकी धरून उभा होता. नवा पिवळा शर्ट, दुकानातला, त्याच्या मापाचा. मानेमागे, उजवीकडे, एक तिरकी सुरकुती.

मी हाताने सरळ केली. परत आली.

"काय झालं, पप्पा?"

"काही नाही. पतंग बघ."

दोन वर्षं लागतात. जूनची वाट बघायची नाही. माझी नोकरी पक्की होवो न होवो — उद्यापासून चेतन खात्यात जाणार नाही.