कुंकू लागलेले छर्रे

कोल्हापूर,
नोव्हेंबर १९८६

प्रिय नृसिंह,

तुमच्या कारखान्यातला आकाराम परवा तुझी डबी देऊन गेला. दारातूनच म्हणाला, "मालकाच्या पोरानं दिलीया. रविवारी सांगलीला रेस हाय, लगीच करून मागितलंय." चहालासुद्धा थांबला नाही. डबी उघडली तर आत तुझ्या रिमोटच्या बग्गीचं डिफरन्शियल, काळंकुट्ट आणि चिकट. छर्र्यांनी चकतीवर असा चर पाडलाय की त्यात नख अडकतंय. माझं डोकंच फिरलं. अरे, इतकी नाजूक वस्तू, तिची ही दशा करून ठेवलीस? मग रॉकेलची वाटी घेऊन अंगणात बसले आणि धुता धुता एकेक आठवायला लागलं.

तुझ्या मामांनी बोटीवरून येताना जपानची ती सुट्या भागांची रिमोटची गाडी आणली, तेव्हा उद्यमनगरातल्या तुमच्या कारखान्यात केवढी गर्दी उसळली होती! अप्पांना डबा द्यायला म्हणून मी आले आणि तिथंच रमले. बाकी सगळी गाडी तू झटक्यात जोडलीस, अडलास तो ह्या डिफपाशी. जपानी अक्षरं कुणाला वाचता येईनात. चित्र बघून मीच सांगितलं, की गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं आणि आतल्याला कमी, म्हणून दोन चकत्यांच्या मधे हे छर्रे फिरते ठेवलेत. तुझे वडील अप्पांना म्हणाले, "दादासो, पोरगी मास्तरीण शोभती हां तुझी." अप्पांनी लेथ बंद करून माझ्याकडं बघितलं. इतके खूश झालेले मी त्यांना क्वचितच पाहिलंय.

तेव्हापासून ते काम माझंच झालं. कोडोलीच्या शाळेत शिकवून झालं की शनिवारी एस.टी.नं यायचं आणि तडक तुमच्या माळ्यावर. तुझी बोटं जाड, छर्रा हातात ठरायचाच नाही. टुणकन उडायचा आणि आपण दोघं फरशीवर रांगत शोधायचो. मी चिमट्यानं एकेक छर्रा दातेरी चाकाच्या भोकात ठेवायची आणि तू वरून चकती धरायचास, श्वाससुद्धा न घेता. मग स्क्रू आवळायचा. फार आवळला तर गाडी वळत नाही, ढिला ठेवला तर छर्रे घसरून चकती खातात. दोन्ही चाकं तू घट्ट धरायचास आणि मधलं दातेरी चाक मी अंगठ्यानं ढकलून बघायची. ते हललं नाही की झालं. त्या वेळी तुझा खांदा माझ्या खांद्याला लागायचा आणि तू तो काढून घ्यायचा नाहीस. एकदा म्हणालास, "मीने, तुझ्याबिगर ही गाडी वळायची न्हाय बघ." मी तुला वेड्यात काढलं. पण परतीच्या एस.टी.त कोडोली येईपर्यंत तेच वाक्य घोळवत बसले होते. असं कुणी बोललं की माणूस त्यावर घरं बांधतं रे.

आणि दसऱ्याचं तर तूच काढलंस. मी कधी विषय काढला होता? सोनं द्यायला घरी येतो आणि अप्पांशी बोलतो, असं तू स्वतःच्या तोंडानं म्हणालास. मी विचारलं, काकूंचं काय? तर म्हणालास, आईचं मी बघतो.

मग खंडेनवमी आली. कारखान्यात सगळी हत्यारं घासूनपुसून मांडलेली. आपलं डिफ साफ करायला उघडलेलं, तेही तिथंच कागदावर होतं. काकू पूजेचं ताट घेऊन आल्या. लेथला कुंकू, ड्रिलला कुंकू, पान्यांना कुंकू. डिफ बघून म्हणाल्या, "हे बी यंत्रच की," आणि उघड्या छर्र्यांवर हळदकुंकवाची चिमूट सोडली. मग बायकांना लावत लावत माझ्यापर्यंत आल्या, थांबल्या आणि ताट वळवलं. "तुमच्यात न्हाय ना लावत," एवढंच म्हणाल्या, अगदी गोड आवाजात. मला कुंकवाची हौस नव्हती, नृसिंह. दुसऱ्या दिवशी पांढरी साडी नेसून मी आमच्या धम्मचक्राच्या वंदनेला जाणारच होते. पण सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या आणि मी तुझ्याकडं. तू मान खाली घालून स्क्रू पुसत बसलास. पुसून झालेला स्क्रू. त्या लोखंडाला कुंकू लागलं आणि मला नाही, ह्याचं मला काही नाही. तू मान वर केली नाहीस, ह्याचं आहे.

दसऱ्याला वंदना करून आले आणि पुरणपोळ्या केल्या. अप्पा नवा सदरा घालून ओट्यावर बसले होते. कुणी येणार आहे असं मी त्यांना म्हटलं नव्हतं, पण बापाला कळतं. दिवेलागणीला उठून आत आले आणि सदरा घडी करून ठेवला. मी रागावले नाही. म्हटलं, पाहुणे आले असतील, उद्या येईल. तू दुसऱ्या दिवशीही आला नाहीस. त्यानंतर माळावरची रेस आली.

तिथं काय झालं ते आकारामनं सांगितलं. डिफ तू एकट्यानंच जोडलंस. छर्रे धुतले नाहीस, कारण आईनं लावलेलं कुंकू रॉकेलनं पुसायचं कसं? कुंकवासकट ग्रीस भरलंस. त्याचा लगदा झाला, छर्रे जाम झाले आणि पहिल्याच वळणावर गाडी सरळ जाऊन दगडावर आपटली. सांगलीची पोरं खिदळली. तेव्हा तू म्हणालास, "मीनानं बसवलंतं. बाईच्या हातचं काम, आणि काय हुणार." आकारामला ते बोलवेना, पण त्यानं सांगितलं. तो सांगत होता तेव्हा अप्पा शेजारीच बसले होते.  त्यांनी इतकंच विचारलं, कुरुंदवाडचे लोक बघायला यायचं म्हणतात, येऊ देत का? मी म्हटलं, थोडं थांबा. अजूनही थांबा म्हटलं मी! काय म्हणावं मला?

परवा आकारामनं डबी हातात दिली तेव्हा काय वाटलं, सांगू? हसू नकोस. वाटलं, ह्यात काहीतरी असेल. डबी रिकामी केली. ज्या वर्तमानपत्रात गुंडाळली होती ते उलगडून उजेडात धरलं, दोन्ही बाजूंनी. कडेला पेन्सिलनं एखादा शब्द असेल, नुसतं 'चुकलो' एवढं. सिनेमाच्या जाहिराती होत्या, बाकी काही नव्हतं. तेव्हा आत जाऊन अप्पांना म्हटलं, येऊ देत त्यांना. ते काल आले. मुलगा मास्तर आहे, कमी बोलतो. मी होकार दिलाय. तुझ्या कानावर पडायच्या आधी मीच सांगावं म्हणून हे पत्र, आणि अप्पा अजून तुमच्याच लेथवर उभे आहेत, तेव्हा त्यांच्यासमोर हा विषय काढू नकोस. डिफ सोबत पाठवतेय. चकत्या काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासल्यात आणि उलट्या बाजूनं बसवल्यात. खाचेत अजून लाल होतं, ते सगळं धुऊन काढलं. स्क्रू अगदी बेताचा आवळलाय, त्याला हात लावू नकोस. चाकं धरायला ह्या वेळी कुणी नव्हतं, म्हणून अप्पांनी धरली. रविवारी गाडी वळेल, आणि तू जिंकशीलही. कुणी विचारलं हे कुणी बसवलं, तर तेव्हा मात्र माझं नाव घेऊ नकोस.

कालपर्यंत तुझीच,
मीनाक्षी