शेंगांना रंग देऊ नये

लिहून ठेवणार इरासी फेरेइरा लिमा, वय एकोणऐंशी, अविवाहित, धंदा फोटोग्राफी, राहणार क्रातो, सेआरा प्रांत.

माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. शिवाय भातात पेकीचे फळ कधी घालावे यावरून शेजारीण निल्झाशी काल झालेला वाद मीच जिंकले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. एकाने आणून पाहिले, त्याचे नाव पुढे येईल. पोटातले दुखणे पुढचा पावसाळा बघू देणार नाही असे डॉक्टर म्हणतात, म्हणून आताच लिहिते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. वडिलांच्या घरातला माझा अर्धा हिस्सा थोरला भाऊ वाल्देमीरो याचा मुलगा जिल्वान याला द्यावा. त्याला पोरेबाळे आहेत, जागा लागते. परसातले मुलुंगूचे झाड त्याने तोडू नये. तोडल्यास निल्झाने त्याला रोज सकाळी कुंपणावरून बोल लावावेत. हे काम ती आनंदाने करील.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून माझे क्रियाकर्म करावे आणि उरेल ते निल्झाला द्यावे. झालरीची पांढरी झोळीही तिलाच. या दुखण्यात मी त्याच झोळीत निजते आणि रोज सकाळी मला तीच उठवून बसवते. आभार मानले की म्हणते, "गप गं, कॉफी निवतेय." म्हणून येथे लेखी मानते.

कलम ३. भात्याचा कॅमेरा, तिपाई, एन्लार्जर आणि धुलाईची तबके मुलींच्या शाळेला द्यावीत. भाता पुरता ताणला की बोटाएवढी शेंग दाराएवढी दिसते, पण वाऱ्याची झुळूक आली की सगळे फुकट जाते. तेव्हा खिडक्या लावून घ्याव्यात, घाम येऊ द्यावा आणि कुरकुर करू नये.

कलम ४. कपाटातल्या शेंगा, साली आणि बोंडे डोंगराच्या पायथ्याशी नेऊन टाकावीत, ती तिथलीच आहेत. ऑक्टोबरापर्यंत कपाट तसेच राहिले तर आतून फटाफट आवाज येतील. ती कातिंगेइराची शेंग, उन्हाळ्याने तडकते. पाद्रीबाबांना बोलवायची गरज नाही.

कलम ५. निगेटिव्ह. मृत्युपत्र करायचे ते खरे यासाठी. बाकीचे तोंडी सांगूनही भागले असते.

मी जन्मभर वाळलेल्या शेंगांचे जवळून फोटो काढले, काळेपांढरे. मुलुंगूचे बी लालभडक असते. माझ्या फोटोत ते काळे दिसते, आणि मग माणूस लाल रंग बघून पुढे जात नाही, शेंगेची शीर न् शीर बघत थांबतो. जिल्वानला हे पटत नाही. मार्चमध्ये तो माझ्या उशाशी बसून म्हणाला, "आत्या, हॉटेलवाले हवे तेवढे घेतील गं. फक्त कॉम्प्युटरवर रंग भरू दे. काळंपांढरं बघितलं की लोकांना दुखवट्याला आल्यासारखं वाटतं." मी नाही म्हटले. तर म्हणाला, "तुझ्यामागं मलाच येणार आहे ना सगळं." ते येऊ नये म्हणून हे कलम.

आता जुने भांडण. आमच्या घरचा धंदा रंगवलेल्या तसबिरींचा. दलाल गावोगाव फिरून लोकांच्या गेलेल्या माणसांचे बारीकसे फोटो आणायचा. वडील आणि मी ते मोठे करायचो, वाल्देमीरो त्यावर रंग चढवायचा. मिटलेले डोळे उघडायचा, फाटक्या सदऱ्यावर निळा कोट घालायचा, देवीचे व्रण आणि चामखिळी बुजवायचा. काय हवे ते दलाल फोटोच्या पाठीवर लिहायचा. पाठ कोरी असेल तर रीत ठरलेली होती: माणूस जिवंत करून द्यायचा.

चौऱ्याहत्तर साली मी रेसिफेच्या प्रदर्शनासाठी मुलुंगूच्या शेंगेचा मोठा फोटो केला, पुढच्या खोलीत वाळत घातला आणि मावशीच्या मयताला गेले. आभाळ भरून आले म्हणून कोणीतरी तो उचलून दादाच्या कामाच्या चळतीत ठेवला. पाठ कोरी होती. दादाने शेंग हिरवी केली, बिया लाल केल्या, मागे आकाश घातले. वर शेवटची तारीख चुकू नये म्हणून माझ्याच पाकिटात घालून बसने पाठवूनही दिला. "रंगीत चित्रे घेत नाही" अशा शेऱ्यासह तो परत आला. मी ओरडले तेव्हा दादा म्हणाला, "अगं, वाळून मेली होती ती. मेलेलं मेलेलंच परत द्यायचं, असं कधी केलंय का आपण?"

त्यानंतर मी त्याच्याशी कामापुरतेच बोलले. अंगण एक, विहीर एक, आणि मीठ मागायचे तरी निल्झामार्फत. रेसिफेला मी पुन्हा काही पाठवले नाही. मला त्याचा फार राग होता आणि तो मी नीट जपला.

मे महिन्यात कपाट आवरताना ते पाकीट निघाले. टाकण्याआधी मी फोटोवर भिंग धरले. दादाने एकही शीर चुकवलेली नव्हती. आणि शेंगेच्या टोकाला किड्याने पाडलेले भोक होते, ते त्याने तसेच ठेवले होते. ज्याने सबंध जिल्ह्याच्या चामखिळी पुसल्या, त्याने. मी काठी टेकत अंगण ओलांडले. दादा दारात गुळाचा खडा चघळत बसला होता.

"दादा, भोक का नाही बुजवलंस?" मी विचारले.

त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. "त्या भोकासाठीच तर काढला होतास ना तू फोटो."

खरे होते. आजवर हे कोणीही ओळखले नव्हते. मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. मग तो म्हणाला, "बस आता. गूळ खा."

म्हणून सगळ्या निगेटिव्ह वाल्देमीरो फेरेइरा लिमा याच्याकडे राहतील आणि त्याच्यामागे नगरपालिकेच्या ग्रंथालयाकडे जातील. प्रती हव्या तितक्या काढाव्यात, जिल्वाननेही काढून विकाव्यात. पण एकाही शेंगेला कोणी रंग देऊ नये. दादानेही नाही. तो रंगवलेला एक मात्र पुढच्या खोलीत लावावा.

कलम ६. माझी तसबीर. माझा एक फोटो मीच काढून मोठा करून ठेवला आहे, काळापांढरा. कपाळावर लहानपणी विहिरीच्या कडेला पडल्याची खोक त्यात स्पष्ट दिसते. माझ्यामागे तो वाल्देमीरोला द्यावा. त्याचा हात हल्ली कापतो. कापू दे. पोशाख कोणता, दागिने कोणते, खोक ठेवायची की बुजवायची, असे तो विचारील. त्याला फोटो उलटा करून दाखवावा. पाठ कोरी आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, निल्झाला मोठ्याने वाचून दाखवला आणि तिने पेकीबद्दलच्या वाक्याला हरकत घेतली, ती फेटाळून सही केली.

सही: इरासी फेरेइरा लिमा

साक्षीदार:
१. झोझिमो तावारेस, औषधांचे दुकानदार
२. सेव्हेरिनो कार्नेइरो, सुतार
(निल्झाला वाटा असल्याने तिची साक्ष चालत नाही. कॉफी तिने केली.)

क्रातो, ता. १४ ऑगस्ट २००६